अंगणातल्या लाकडी भट्टीचं तापमान घरात बसून कसं पाहावं

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, व्हरमाँट किंवा कॅनडातल्या ओंटारिओत गावाबाहेर घर घेतलं, की बऱ्याचदा घरासोबत अंगणात एक पत्र्याची टपरीवजा पेटी मिळते. पुढे जाड लोखंडी दार, वर धुराडं, खालून जमिनीत गेलेले दोन पाइप. ही बाहेरची लाकडी भट्टी. तिचं काम कळायला आपला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणा: मध्ये जाळ, भोवती पाणी. बंबात काही बादल्या पाणी मावतं, इथे १०० ते ४०० गॅलन, म्हणजे साधारण ४०० ते १५०० लिटर. पंप ते गरम पाणी जमिनीखालून घरात आणतो, हवा तापवणाऱ्या जाळीतून फिरवतो आणि गार झालेलं पाणी परत भट्टीकडे पाठवतो.

बंबाला जाता-येता हात लावला की कळतं. भट्टी मात्र घरापासून ५० ते २०० फुटांवर असते, आणि जाळ विझायची वेळ हमखास पहाटेची, बाहेर उणे २५ अंश असतानाची. तिच्या दारावरचा आकडा पाहायला दर वेळी बूट-जॅकेट चढवून जाणं कोणी फार दिवस करत नाही. म्हणून तो आकडा घरात आणायचा. काम एका शनिवार-रविवारचं आहे. अवघड भाग वायरी जोडण्याचा नाही, सेन्सर कुठे लावायचा आणि त्याच्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे समजण्याचा आहे.

खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे अंश फॅरनहाइट समजावेत, कारण तिथल्या भट्ट्यांवरचे सगळे आकडे त्यातच असतात.

आधी आपल्या भट्टीचे आकडे

भट्टीवरचा तापमान-नियंत्रक, म्हणजे ॲक्वास्टॅट, बहुतेक ठिकाणी १८० ते १८५ अंशांवर लावलेला असतो आणि त्यात १० अंशांचा फरक ठेवलेला असतो. पाणी १८५ला पोचलं की हवेची झडप बंद होते आणि जाळ मंदावतो. १७५पर्यंत उतरलं की झडप उघडते, पंखा सुरू होतो, निखारे पुन्हा फुलतात. हवा मिळाल्यावर जाळ धरायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात पाणी आणखी तीन-चार अंश उतरतं. वरच्या बाजूलाही तसंच, झडप बंद झाल्यावरही निखाऱ्यांच्या धगीने आकडा १८८-१९०पर्यंत चढतो. म्हणजे १७० ते १९० ही धडधाकट भट्टीची नेहमीची ये-जा. नवीन माणूस १७१ पाहून घाबरतो, त्याची गरज नाही.

खालची खरी सीमा १४०. पाणी त्याखाली गेलं की भट्टीच्या आतल्या पोलादी भिंती इतक्या गार होतात की धुरातली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. त्यातून आम्लं तयार होतात आणि डांबरासारखा चिकट क्रिओसोट साचतो. एखाद्या रात्री असं झालं तर बिघडत नाही, पण आठवड्यातून तीनदा होऊ लागलं की पोलाद आतून खाल्लं जातं आणि भट्टीचं आयुष्य काही वर्षांनी घटतं.

आता विझल्यावर हातात किती वेळ असतो, ते काढा. एका गॅलन पाण्याचं वजन ८.३४ पौंड, आणि एक पौंड पाणी एक अंशाने तापवायला लागते ती उष्णता म्हणजे १ बीटीयू. २०० गॅलनची भट्टी असेल तर पाणी १,६६८ पौंड, म्हणून एक अंश उतरायला १,६६८ बीटीयू घरात जायला हवेत. थंडीच्या रात्री घर तासाला ३०,००० बीटीयू ओढत असेल तर आकडा तासाला १८ अंशांनी खाली येतो. ५०,००० ओढत असेल तर ३० अंशांनी. १७५वरून १४०ला यायला पहिल्या घरात जेमतेम दोन तास, दुसऱ्यात सव्वा तास. उरलेले निखारे थोडी मुदत देतात, पण हिशोबात ती धरू नये. ४०० गॅलनच्या भट्टीत हाच वेळ दुप्पट होतो. तुमच्या भट्टीत किती पाणी आहे ते तिच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असतं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, इशारा कितीला लावायचा ते यावरूनच ठरणार आहे.

वायर न ओढता सगळ्यात सोपी सोय

बहुतेक भट्ट्यांचा पंप हिवाळाभर चोवीस तास चालू असतो. त्यामुळे बेसमेंटमध्ये जो गरम पाइप भिंतीतून आत येतो, त्याचं तापमान भट्टीतल्या पाण्यापेक्षा जेमतेम एक-दोन अंशांनीच कमी असतं. म्हणजे भट्टीपर्यंत जायची गरजच नाही, तिचं पाणी आधीच घरात आलेलं आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्प्रिंगने पाइपवर बसणारा काट्याचा थर्मामीटर तिथे लावला, की निम्मं काम झालं.

तो लावायचा तांब्याच्या किंवा पितळेच्या तुकड्यावर. जमिनीखालचा पाइप पेक्स प्लॅस्टिकचा असतो आणि प्लॅस्टिक उष्णता फार हळू जाऊ देतं, म्हणून त्यावर लावलेला थर्मामीटर दहा-दहा अंश कमी दाखवतो. पेक्स संपून व्हॉल्व्ह किंवा पंप जिथे सुरू होतो, तिथला धातूचा भाग शोधा. थर्मामीटरभोवती पाइपचं इन्शुलेशन गुंडाळा, नाहीतर बेसमेंटची गार हवा आकडा खाली ओढते.

याची उणीव अशी की तो रात्री हाक मारत नाही.

डिजिटल सोय, पायरीपायरीने

ज्यांनी कधी वायर सोलली नाही त्यांना तयार वायफाय थर्मामीटर मिळतात. घेताना एकच गोष्ट नीट वाचा: वायरच्या टोकाचा सेन्सर किती अंशांपर्यंत चालतो. हवामान पाहायचे बरेचसे बिनतारी थर्मामीटर १४०-१५८ अंशांपर्यंतच मोजतात, १८०च्या पाण्यावर ते निरुपयोगी. मांस भाजताना वापरायचे बिनतारी थर्मामीटर तापमान सोसतात, पण त्यांचा बाहेरचा भाग बॅटरीवर चालतो. साधे अल्कलाइन पेन्सिल सेल कडाक्याच्या थंडीत मान टाकतात, तिथे लिथियमचे सेल लागतात. शिवाय भट्टीची पत्र्याची पेटी आणि बेसमेंटची काँक्रीटची भिंत, दोन्ही रेडिओ लहरी अडवतात. पाकिटावर लिहिलेले ३०० फूट मोकळ्या मैदानातले असतात.

स्वतः जोडायचं असेल तर ही यादी:

१. ईएसपी३२ बोर्ड एक, म्हणजे सेन्सर वाचून वायफायवर आकडे पाठवणारं छोटं सर्किट, आणि त्यासाठी मोबाइलचा चांगला ५ व्होल्टचा चार्जर.
२. डीएस१८बी२० सेन्सर तीन किंवा चार, स्टीलच्या टोपणातले, वायरीसह. हा सेन्सर उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस मोजतो. बाजारात नकली फार आहेत, म्हणून अगदी स्वस्तातल्या दहाच्या पाकिटापेक्षा नावाजलेल्या इलेक्ट्रॉनिक्स विक्रेत्याकडून घ्या.
३. ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर एक, २.२ किलो-ओहमचा एक.
४. उष्णतावाहक पेस्ट, स्टीलचे होज क्लॅम्प, पाइपचं फायबरग्लास इन्शुलेशन.
५. भट्टीपर्यंत जायचं असेल तर जमिनीत पुरता येईल अशी कॅट-५ई केबल, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला वापरतात ती, पिळलेल्या जोड्यांची.

पहिली जोडणी टेबलावर करा, बेसमेंटमध्ये पाइपखाली वाकून नाही. सेन्सरच्या तीन वायरींपैकी लाल बहुधा ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला आणि पिवळी बोर्डाच्या ४ क्रमांकाच्या पिनेला. रंगांवर डोळे मिटून विसंबू नका, विक्रेत्याची चिठ्ठी पाहा. लाल आणि काळी उलटी लागली तर सेन्सर हाताला चटका बसेल इतका तापतो आणि बहुधा जातो. ४.७चा रेझिस्टर पिवळी आणि लाल यांच्यामध्ये. तो विसरला तर एकही सेन्सर सापडत नाही, आणि पहिल्यांदा जोडणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. सगळे सेन्सर याच तीन वायरींवर समांतर लागतात, कारण प्रत्येकात जन्मतःच वेगळा क्रमांक कोरलेला असतो. म्हणून एकेक सेन्सर जोडून त्याचा क्रमांक टिपा आणि वायरीला चिकटपट्टी लावून नाव द्या: येणारा, परतीचा, भट्टी.

पुढची पायरी लोक गाळतात आणि महिन्याभराने पस्तावतात. सेन्सर एकमेकांशी जुळवून घ्या. या सेन्सरची अचूकता ८५ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक-उणे अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास एक अंश फॅरनहाइट असते. दोन सेन्सरमध्ये नुसत्या याच कारणाने दोन अंशांचा फरक दिसू शकतो, आणि आपल्याला पुढे दोन-तीन अंशांच्या फरकावरूनच निदान करायचं आहे. सगळी टोकं रबरबँडने एकत्र बांधा, थर्मासमध्ये १७० अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, टोकं त्यात बुडवून तोंडाशी कापड कोंबा आणि दहा मिनिटं थांबा. आता प्रत्येकाचा आकडा लिहा. एकाला आधार मानून बाकीच्यांची बेरीज-वजाबाकी सॉफ्टवेअरमध्ये घाला. खरं तापमान अर्ध्या अंशाने चुकलं तरी चालेल, पण तिघांनी एकच गोष्ट सांगायला हवी.

मग पाइपवर. धातूचा भाग सँडपेपरने घासून चकचकीत करा, पेस्टचा पातळ थर द्या, स्टीलचं टोपण पाइपला लांबीने चिकटवून ठेवा, आडवं नाही, आणि क्लॅम्पने बेताने आवळा. फार आवळलं तर टोपण चेपून आतला सेन्सर तुटतो. प्लॅस्टिकची टाय-पट्टी इथे वापरू नका, रोजच्या उष्णतेने ती ठिसूळ होते आणि एक दिवस सेन्सर पाइपपासून सुटून हवेचं तापमान सांगू लागतो. वरून दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल असं इन्शुलेशन गुंडाळा. सेन्सरची वायर पहिले काही इंच इन्शुलेशनच्या आतून पाइपला लागून न्या, म्हणजे वायरीतून होणारा गारवा कमी होतो. एक सेन्सर येणाऱ्या पाइपवर, एक परतीच्या पाइपवर.

भट्टीजवळचा तिसरा सेन्सर चैन वाटेल, पण जमला तर लावाच. ॲक्वास्टॅटचा सेन्सर ज्या बंद टोकाच्या पितळी नळीत, म्हणजे थर्मोवेलमध्ये बसतो, तिथे बऱ्याचदा आणखी एका ६ मिलिमीटरच्या टोपणाला जागा असते. पेस्ट लावून तो शेजारी सरकवा, पण ॲक्वास्टॅटचा स्वतःचा सेन्सर तिळभरही बाहेर ओढला जाणार नाही याची खात्री करा. तो अर्धा बाहेर आला तर त्याला पाणी गार वाटत राहतं, झडप उघडीच राहते आणि भट्टी उकळते. जागा नसेल तर भट्टीतून निघणाऱ्या पाइपाच्या पितळी तुकड्यावर, वर सांगितल्याप्रमाणे. नवीन थर्मोवेल बसवण्यासाठी भट्टीचं पाणी सोडावं लागतं आणि त्यासोबत गंज रोखणारं रसायनही जातं, म्हणून ते काम उन्हाळी देखभालीच्या वेळचं.

भट्टीकडे जाणाऱ्या लांब केबलसाठी बोर्डाची वेगळी पिन आणि २.२चा वेगळा रेझिस्टर वापरा. बाहेरची केबल उंदराने कुरतडली किंवा तिच्यात पाणी शिरलं, तरी घरातले दोन सेन्सर चालू राहिले पाहिजेत. कॅट-५ईच्या एका पिळलेल्या जोडीत पिवळी आणि ग्राउंड, दुसऱ्या जोडीतून ३.३ व्होल्ट. केबल एका रेषेत न्या, मध्येच फाटे फोडू नका, फाट्यांतून परतणारे संकेत वाचन बिघडवतात. भट्टीच्या पंख्याला वीज नेणाऱ्या नळीत ही केबल घालू नका, तिची नळी वेगळी. चर खणायच्या आधी अमेरिकेत ८११वर फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी चिन्हांकित करून घ्या, ती सेवा फुकट आहे. विजा कडाडणाऱ्या उन्हाळ्यात ही केबल बोर्डापासून सोडवून ठेवा, कारण लांब तांबं घरात वीज आणतं.

सॉफ्टवेअरसाठी ईएसपीहोम आणि होम असिस्टंट ही जोडी मोफत आहे. पहिलं बोर्डावर चालतं, दुसरं घरातल्या एखाद्या छोट्या संगणकावर, रास्पबेरी पाय चालतो. दर मिनिटाला एक वाचन पुरे, आणि आलेख किमान १० दिवस साठवा.

एक गोष्ट पक्की ठेवा: हे यंत्र फक्त पाहणारं आहे. त्याला झडप, पंखा किंवा पंप चालवायला देऊ नका. भट्टीची स्वतःची यांत्रिक उच्च-मर्यादा, म्हणजे पाणी फार तापलं की जाळाची हवा तोडणारा स्विच, जशी आहे तशी राहू द्या. वायफाय गेल्यावर भट्टीने उकळायचं की नाही, हे वायफायवर ठरता कामा नये.

८५ अंशांचा धोका

हा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण यात यंत्र नेमकं दिलासा देणारं खोटं बोलतं.

डीएस१८बी२०ला वीज मिळते तेव्हा त्याच्या स्मृतीत आधीपासून एक आकडा असतो: ८५ अंश सेल्सिअस. पहिलं मोजमाप पूर्ण व्हायला पाऊण सेकंद लागतो, तोवर विचारलं तर तो हेच सांगतो. वायर सैल असेल आणि मोजमापाच्या मधेच क्षणभर वीज तुटली, तर तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि पुन्हा ८५ सांगतो. आता ८५ सेल्सिअस म्हणजे किती फॅरनहाइट? बरोबर १८५. भट्टीचा जो आदर्श आकडा, तोच या सेन्सरचा बिघाडाचा आकडा. पाणी ११०ला आलेलं असताना पडद्यावर १८५ दिसू शकतं, आणि घरातला माणूस निश्चिंत झोपतो.

तुटलेल्या वायरीचा आकडा त्या मानाने सरळ असतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो उणे १२७ सेल्सिअस दिसतो, त्याला कोणी फसत नाही.

उपाय दोन. पहिला: आधीच्या वाचनापेक्षा एकदम पाच अंशांहून मोठी उडी घेऊन नेमका ८५.० आला तर तो टाकून द्यायचा, आणि असं दहा मिनिटांत तीनदा झालं तर ‘सेन्सर तपासा’ असा इशारा द्यायचा. दुसरा उपाय डोळ्यांचा. खऱ्या पाण्याचा आकडा कधी स्थिर नसतो. हा सेन्सर अंशाच्या सोळाव्या भागापर्यंत मोजतो, म्हणून शेवटच्या दशांशात तो सतत हलत असतो. अर्धा तास जो आकडा जराही हलला नाही, तो पाण्याचा नाही.

आलेख कसा वाचावा

चांगल्या भट्टीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: चढ, उतार, चढ, उतार. कडाक्याच्या थंडीत दाते जवळजवळ येतात, मार्चमध्ये ते लांब पसरतात. पहिल्या आठवड्यात फक्त ही लय ओळखीची करून घ्या.

नंतर चढाकडे लक्ष द्या. पोटात भरपूर निखारे असतील तर १७५वरून १८५ला जायला समजा २० मिनिटं लागतात. जळण संपत आलं की हाच चढ ३५, मग ५० मिनिटांचा होतो, दात्याची चढती बाजू आडवी पडत जाते. आकडा अजून १७८ असतो, पण भट्टी उपाशी आहे हे चढाच्या आकारावरून तासभर आधी कळतं. झोपण्यापूर्वी शेवटचे दोन दाते पाहायची सवय लावा. चढ मंदावलेला दिसला तर रात्रीचं जळण आत्ताच घाला.

कधी लाकूड भरपूर असूनही चढ येत नाही. लांब, वेडेवाकडे ओंडके एकमेकांत अडकून छतासारखे राहतात आणि खालचे निखारे जळून तिथे पोकळी पडते. सळईने ढोसलं की ओंडके खाली बसतात. दार उघडताना आधी इंचभर फट ठेवून थोडं थांबा, आत साठलेल्या धुराला अचानक हवा मिळाली तर तो भडकून तोंडावर येतो.

येणारा आणि परतीचा, या दोन आकड्यांतला फरक घराबद्दल सांगतो. मिनिटाला ८ गॅलन पाणी फिरत असेल तर फरकाचा प्रत्येक अंश म्हणजे तासाला ४,००० बीटीयू: गॅलन गुणिले ५०० गुणिले फरक. १७८ येतंय आणि १६३ जातंय, म्हणजे घर ६०,००० ओढतंय. दोन्ही जवळपास सारखे असतील तर घर तृप्त आहे, घरात गरम हवा फिरवणारा पंखा बंद आहे. दोन्ही हातात हात घालून हळूहळू उतरत असतील तर जाळ गेला. पण येणारा पाइप झपाट्याने खोलीच्या तापमानाकडे घसरतोय आणि भट्टीवरचा सेन्सर १८०च दाखवतोय, तर जाळाला दोष नाही. पंप थांबलाय किंवा पाइपात हवा अडकलीय, आणि हे जाळ विझण्यापेक्षा जास्त तातडीचं आहे, कारण बाहेरच्या थंडीत पाणी स्थिर राहिलं की ते गोठण्याच्या वाटेला लागतं. तिसऱ्या सेन्सरचा खरा उपयोग हा.

आठवड्यामागून आठवडे तेवढ्याच थंडीत फरक १५वरून २५-३० झाला तर प्रवाह कमी झालाय. पंपाआधीची गाळणी साफ करा, प्लेटचा हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणारी पातळ पत्र्यांची पेटी, बसवलेला असेल तर त्यात गाळ बसलाय का पाहा.

भट्टीवरचा आणि घरात येणारा आकडा यांतला फरक जमिनीखालच्या पाइपाचा हिशोब देतो. एक अंशाच्या आत असेल तर उत्तम. तीन अंश असेल, तर ८ गॅलनच्या प्रवाहात तासाला १२,००० बीटीयू मातीत चाललेत. जुन्या भट्टीत निम्मी उष्णता धुराड्यातून जाते असं धरलं, तर रोज साधारण ४० किलो वाळलेलं लाकूड नुसती जमीन तापवायला जळतंय. पाइपाच्या आवरणात पाणी शिरल्याचं हे लक्षण. बर्फ पडल्यावर चराच्या रेषेत बर्फ आधी वितळलेला दिसतो.

इशारे कितीला लावावेत

खालचा इशारा १६०ला, पण सलग १० मिनिटं तिथे राहिला तरच. जळण घालताना दार उघडं असतं तेव्हा आकडा क्षणभर खाली जातो, त्याला वाजू देऊ नका. फुकट वाजणारा इशारा घरातलं माणूस आठवड्यात बंद करतं आणि नंतर खऱ्या रात्री तो बंदच असतो. १०० गॅलनच्या लहान भट्टीत वेळ कमी मिळतो, तिथे १६५ ठेवा.

वरचा इशारा १९५ला, थांबा न ठेवता. समुद्रसपाटीला पाणी २१२ला उकळतं, ५,००० फुटांवर २०३च्या आसपासच. कोलोरॅडोच्या डोंगरात घर असेल तर वरचा इशारा १९०ला आणा. आकडा चढताच घरातल्या थर्मोस्टॅटचा आकडा वाढवा म्हणजे उष्णता घरात ओढली जाईल, पंप चालू असल्याची खात्री करा, मग बाहेर जाऊन भट्टीचं आणि राखेचं दार घट्ट लागलंय का पाहा. झडपेच्या तोंडात क्रिओसोट किंवा कोळशाचा तुकडा अडकून ती पूर्ण मिटत नाही, हे नेहमीचं कारण. दाराची दोरीसारखी पट्टी झिजून तिथून हवा शिरणं, हे दुसरं. पाण्याची पातळी उतरली असेल तर तापलेल्या भट्टीत गार पाणी ओतू नका, आधी निवू द्या. आणि वरच्या हवेच्या नळीला कधीही बूच किंवा मीटर लावू नका. भट्टीतलं पाणी त्या नळीतून बाहेरच्या हवेला उघडं आहे, म्हणूनच ती सुरक्षित आहे.

तिसरा इशारा मौनाचा: १० मिनिटं एकही वाचन आलं नाही तर वाजायला हवं. वीज गेली की पंप, राउटर आणि हे यंत्र एकदमच बंद पडतात आणि फोनवर काहीच येत नाही. राउटर, बोर्ड आणि तो छोटा संगणक एका लहान यूपीएसवर ठेवा. फोन रात्री ‘व्यत्यय नको’वर असतो, म्हणून या इशाऱ्यांना त्यातून सूट द्या, किंवा सरळ झोपण्याच्या खोलीबाहेर एक बझर लावा. घरी पाहुणे असतात तेव्हा बझर सगळ्यांना कळतो, फोन एकालाच.

धुराड्यावरचा सेन्सर, हौस असेल तर

शेकडो गॅलन पाणी सावकाश बोलतं, धूर लगेच बोलतो. धुराड्याच्या बुडाशी के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा, मोठी उष्णता सोसणारा सेन्सर बसवला तर झडप उघडल्यावर जाळाने पेट घेतला की नाही हे काही मिनिटांत दिसतं. झडप उघडून २० मिनिटं झाली आणि धुराड्याचा आकडा हलला नाही, तर जळण संपलंय किंवा ओंडके अडकलेत. बोर्डाला जोडायला मॅक्स३१८५५ची छोटी पट्टी लागते, ती थर्मोकपलचा संकेत बोर्डाला कळेल अशा आकड्यात बदलते. थर्मोकपल घेताना त्याचं टोक आवरणापासून विद्युतदृष्ट्या वेगळं असलेला प्रकार मागा, नाहीतर धुराड्याच्या लोखंडाला टेकताच पट्टी दोष दाखवते. वायर लांबवायची तर के प्रकारचीच, साधी तांब्याची जोडली की सांध्यापाशी चूक शिरते. आणि अमेरिकन रंगसंकेतात यातली लाल वायर ऋण असते, पिवळी धन. उलटी जोडली तर जाळ वाढतो तसा आकडा उतरत जातो.

सप्टेंबरची तपासणी

पहिला जाळ घालण्याआधी सगळे सेन्सर पुन्हा थर्मासमध्ये बुडवून जुळतात का पाहा. ज्याचा आकडा सरकला असेल तो बदला, दुरुस्तीच्या नादी लागू नका. सैल स्क्रू आवळा, भट्टीकडची केबल परत जोडा. एका सेन्सरची वायर काढून इशारा येतो का पाहा, मग राउटर बंद करून दहा मिनिटं थांबा. येणाऱ्या पाइपवरचा सेन्सर काढून कोमट पाण्याच्या पेल्यात धरा आणि १६०चा बझर वाजेपर्यंत तिथेच उभे राहा, तो वाजेपर्यंत जिना चढू नका. बेसमेंटच्या दाराला एक कागद चिकटवा: भट्टीत किती गॅलन, इशारे कितीला, पंपाचा स्विच कुठला, वाजल्यावर आधी काय पाहायचं. तो मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहा, म्हणजे डिसेंबरात तुम्ही महिनाभर पुण्याला गेलात तर शेजारी किंवा घर सांभाळणारा माणूस त्यावरून भट्टी चालवू शकेल.